आत फिरणारं तेल

“रोज सकाळी एकदा पीसी बंद करून चालू करायचा, मग दिवसभर बघायला नको.” बेळगावच्या उद्यमबागेत, मच्छ्यात, होनग्यात, कुठल्याही शेडमध्ये हे वाक्य ऐकायला मिळतं. सांगणाऱ्याला त्यात वावगं काही वाटत नाही, कारण मशीन बसवून देणाऱ्यानंच त्याला तसं सांगितलेलं असतं. मला मात्र ते ऐकलं की चैन पडत नाही. प्रोग्राम न थांबता चालला पाहिजे, आणि चालत नसेल तर का चालत नाही हे कुणीतरी ठाण मांडून शोधलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. अशाच एका प्रोग्राममधली मेमरीची गळती, म्हणजे घेतलेली मेमरी परत न देणं, आम्ही कशी शोधली ते इथं सांगतोय. रात्रपाळीला देसूरहून, झाडशहापूरहून आलेला ऑपरेटर भर रात्री अडकलेल्या पडद्यासमोर उभा राहतो, तेव्हा पीसी पुन्हा चालू करणं त्याच्या हातात असतं. पण प्रेशरखाली धरलेल्या सिलिंडरची अर्ध्यावर आलेली टेस्ट त्याला परत मिळत नाही. ती पहिल्यापासून करायची, आणि सकाळी माल का निघाला नाही याचं उत्तरही त्यानंच द्यायचं.

ज्या मशीनबद्दल हे लिहितोय तो हायड्रॉलिक सिलिंडर तपासायचा टेस्ट बेंच. ओतकाम, मशीनिंग आणि हायड्रॉलिक्स यांत बेळगावचा हात कितीतरी वर्षांपासून बसलेला आहे, त्यामुळे असे बेंच इथं नवे नाहीत. पॉवर पॅकनं, म्हणजे पंप आणि मोटरच्या संचानं, तेल दाबायचं, सिलिंडर दोन-चारदा पुढं-मागं खेळवायचा, मग कामाच्या प्रेशरच्या दीडपट प्रेशर देऊन धरून ठेवायचा आणि काटा खाली येतो का बघायचं. पण गिऱ्हाईक बदललं की टेस्ट बदलते. एकाला 210 बारचा सिलिंडर 315 बारला धरून हवा, दुसऱ्याला आधी भरपूर फेऱ्या मारून सील गरम झाल्यावर धरायचाय, तिसऱ्याला टप्प्याटप्प्याचं रीडिंग छापून हवंय. दर वेळी सी++ मधला मूळ प्रोग्राम उघडायचा, बदलायचा, कंपाइल करून मशीनवर चढवायचा हे कुणालाच परवडत नाही. म्हणून त्या प्रोग्रामच्या पोटात एक छोटा इंटरप्रिटर, म्हणजे लिहिलेल्या सूचना कंपाइल न करता थेट वाचून चालवणारा भाग, बसवलेला असतो. टेस्टची कृती, शेडमध्ये सगळे जिला ‘रेसिपी’ म्हणतात ती, स्क्रिप्टमध्ये लिहायची. सुपरवायझरनं उघडायची, दोन आकडे बदलायचे, सेव्ह करून चालवायची.

इथं तो इंटरप्रिटर लुआचा आहे. 1993 साली रिओ दि जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठात रॉबर्टो येरुसालिमस्की, वाल्देमार सेलेस आणि लुईझ एन्रिके दे फिगेरेदो या तिघांनी ही भाषा केली, आणि दुसऱ्याच्या प्रोग्राममध्ये जाऊन बसता यावं हा तिचा पहिल्यापासूनचा हेतू. आकार लहान, कोड वाचण्याजोगा, आणि आपल्या सुपरवायझरला जमेल इतकी सोपी. व्हेरिएबलची नावं रोमन अक्षरांतच द्यावी लागतात, पण स्ट्रिंगमध्ये, म्हणजे मजकुरात, कुठलेही बाइट चालतात, त्यामुळे पडद्यावरचे निरोप देवनागरीतही असतात आणि कन्नडमध्येही. एकाच रेसिपीत ‘दाब सोडा’ आणि त्याच्याखाली त्याचंच कन्नड, असं मी रोज बघतो. ज्याला जी लिपी जवळची त्यानं ती वाचावी. मला हे फार आवडतं, आणि या देवनागरीचा पुढं गळतीशी संबंध येणार आहे.

बेंच सुरुवातीला झकास चालायचा. काही दिवसांनी पडदा जड व्हायचा, बटण दाबल्यावर थोडं थांबून काम व्हायचं, आणि टास्क मॅनेजरमध्ये पाहिलं तर मेमरीचा आकडा चढलेला. खाली यायचं नावच नाही. “मशीन दमल्यासारखं चालालंय बघा सर,” असं ऑपरेटर सांगायचे. दम लागल्यासारखं होण्यामागं खरं कारण होतं, ते पुढं सांगतो.

मेमरी गळतेय म्हटल्यावर सी++ वाला माणूस पहिल्यांदा व्हॅलग्राइंड काढतो. प्रोग्रामनं मागितलेला मेमरीचा प्रत्येक तुकडा हे हत्यार लिहून ठेवतं आणि शेवटी ज्याचा पत्ता कुणाकडेच उरलेला नाही असे तुकडे दाखवतं. आम्ही लिनक्सवर तोच प्रोग्राम चालवला, रेसिपी पुन्हा पुन्हा फिरवली, नीट बंद केला. एक किरकोळ तक्रार सोडली तर अहवाल स्वच्छ. मेमरी तर डोळ्यांदेखत चढलेली, आणि हत्यार म्हणतंय सगळं परत मिळालं.

शेडमध्ये एक वयस्क फिटर आहेत, त्यांना सगळे मामा म्हणतात. कॉम्प्युटरशी त्यांचा संबंध नाही. पण आम्ही पडद्यासमोर डोकं धरून बसलेलो पाहून त्यांनी विचारलं, आणि मी जमेल तसं सांगितलं. मामा म्हणाले, “तेल खाली सांडलं तर कुणालाबी दिसतंय ओ. पण पिस्टनचं सील गेलं तर खाली एक थेंब दिसायचा नाही. या बाजूचं तेल आतल्या आत त्या बाजूला जाऊ लागतंय, आणि रॉड सावकाश सरकालाय. काटा बघितल्याशिवाय कळतंय होय ते?”

नेमकं हेच होतं. सांडलेली मेमरी म्हणजे पत्ता हरवलेली मेमरी; ती व्हॅलग्राइंडला दिसते. आमची मेमरी हरवलेली नव्हतीच. लुआच्या हिशेबात तिची नोंद होती, कुणीतरी तिला धरून ठेवलेलं होतं, आणि प्रोग्राम बंद होताना लुआ_क्लोज हे लुआ बंद करणारं फंक्शन चाललं की लुआ सगळंच परत देऊन टाकायची. म्हणून शेवटचा अहवाल स्वच्छ. गळती चालू असतानाच काटा बघायला हवा होता.

काटे दोन लागतात. लुआला स्वतःला विचारता येतं की तुझ्याकडं किती केबी आहेत. आणि ऑपरेटिंग सिस्टिमला विचारता येतं की या प्रोसेसकडं, म्हणजे चालू असलेल्या अख्ख्या प्रोग्रामकडं, एकूण किती आहे. दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहायचे, लिहिण्याआधी लुआकडून कचरा, म्हणजे कुणीच धरून न ठेवलेली मेमरी, पूर्ण गोळा करून घ्यायचा, म्हणजे नुसतं साचलेलं आणि खरोखर धरून ठेवलेलं यांत घोळ होत नाही. लुआचा आकडा चढत असेल तर स्क्रिप्टच्या जगात कुणीतरी काहीतरी धरून बसलंय. लुआचा आकडा सपाट आणि प्रोसेसचा चढता असेल तर दोष सी++ च्या बाजूला, नाहीतर मेमरीचे तुकडे पडलेत. हे विभाजन केल्याशिवाय कोड वाचायला बसू नये असं माझं ठाम मत आहे. लोक हजारो ओळी वाचतात आणि चुकीच्या बाजूच्या वाचतात. आमच्याकडं दोन्ही आकडे चढत होते, पण लुआचा जोरात.

आता लुआ आणि सी (म्हणजे आमच्या सी++ ची बाजू) यांची देवाणघेवाण कशी चालते ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. सी ला लुआची वस्तू थेट हातात मिळत नाही. मध्ये एक स्टॅक, म्हणजे एकावर एक वस्तू ठेवायची चळत, असतो. सी नं काही द्यायचं तर स्टॅकवर ठेवायचं, घ्यायचं तर तिथून वाचायचं. एखादी वस्तू स्टॅकवर आहे तोवर लुआचा कचरा गोळा करणारा तिला हात लावत नाही, कारण तिच्याकडं कुणीतरी बघतंय असं तो धरून चालतो. लुआनं सी चं फंक्शन बोलावलं असेल तर ते परतताना त्याचा स्टॅक लुआच साफ करते, तिथं दोन वस्तू विसरल्या तरी खपतं. पण मूळ प्रोग्राम स्वतःहून लुआला हाक मारतो तेव्हा साफ करणारं कुणी नसतं. ठेवलंत तुम्ही, तर उचलायचंही तुम्हीच. तोच कोड एका जागी निर्धोक आणि दुसऱ्या जागी गळका ठरतो तो यामुळं, आणि म्हणूनच तो वाचताना डोळ्यांतून सुटतो.

आमच्या मुख्य लूपमध्ये दर टप्प्याला रेसिपीचं फंक्शन पीकॉलनं बोलावलं जायचं. पीकॉल म्हणजे सांभाळून हाक मारणं. रेसिपीत चूक असेल तर प्रोग्राम कोसळत नाही, काय चुकलं याचा निरोप स्टॅकवर येतो. तो निरोप लॉगमध्ये लिहिला जायचा आणि फंक्शन तिथूनच परतायचं. निरोप स्टॅकवरच. सगळं सुरळीत असेल तर काहीच व्हायचं नाही. पण एखादा सेन्सर सैल झाला, रीडिंग आलं नाही, की प्रत्येक टप्प्याला एक निरोप मागं राहायचा, आणि त्यात कुठून कुठं हाक गेली याची लांबलचक यादी. लुआ 40 बाइटांपर्यंतच्या छोट्या स्ट्रिंगची एकच प्रत सगळ्यांत मिळून वापरते, त्याहून लांब असेल तर दर वेळी नवी. म्हणजे तोच निरोप, पण दर वेळी नवी जागा.

मशीन दमल्यासारखं का वाटायचं, त्याचंही उत्तर इथंच मिळालं. लुआ कचरा थोडा थोडा गोळा करते, म्हणून कामात खंड पडत नाही. पण प्रत्येक फेरीच्या शेवटी स्टॅक मात्र तिला एका दमात, मध्ये न थांबता तपासावा लागतो. स्टॅक जितका उंच, तितका तो थांबा मोठा. लुआच्या आताच्या आवृत्त्यांत स्टॅकला 10 लाख जागांची मर्यादा आहे. तिथं पोचल्यावर प्रोग्राम ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ म्हणून ओरडतो. त्याच्या कितीतरी आधीच ऑपरेटरच्या बोटाला फरक कळलेला असतो. मला याचं नेहमी अप्रूप वाटतं. ज्याला स्टॅक म्हणजे काय ठाऊक नाही तो माणूस बटणाच्या उशिरावरून रोग ओळखतो. त्याचं म्हणणं ‘काहीतरी वाटतंय तुम्हाला’ म्हणून झटकून टाकलं जातं, त्याचा मला राग येतो.

दुरुस्ती साधी होती. मूळ प्रोग्राममधून लुआकडं जाणाऱ्या प्रत्येक वाटेवर एक छोटा पहारेकरी बसवला: आत शिरताना स्टॅकची उंची लिहून ठेवायची, बाहेर पडताना कुठल्याही वाटेनं पडा, उंची पुन्हा तितकीच करायची. सी++ मध्ये हे डिस्ट्रक्टरवर, म्हणजे ऑब्जेक्ट मोडताना आपोआप चालणाऱ्या फंक्शनवर, सोपवता येतं, मग कुणी मध्येच रिटर्न लिहिलं तरी काम होतं. टेस्टिंगच्या बिल्डमध्ये मात्र तो मुकाट्यानं साफ करत नाही. उंची जुळली नाही की तिथंच थांबून बोंब मारतो. साफ करून टाकणं गिऱ्हाइकाच्या मशीनवर ठीक. आपल्या टेबलावर चूक दिसलीच पाहिजे.

एवढ्यानं चढ कमी झाली, थांबली नाही. खरी गळती पुढं होती, आणि तिथं आम्ही सगळ्यात जास्त वेळ दिला.

रेसिपीत असं लिहायची सोय आहे: प्रेशर अमुक आकड्यावर गेलं की हे फंक्शन चालव. सी++ मध्ये प्रेशर लाइनचं काम बघणाऱ्या ऑब्जेक्टला ते फंक्शन लक्षात ठेवायचं असतं. स्टॅकवर ते कायम ठेवता येत नाही, म्हणून लुआच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सी साठी राखलेल्या एका टेबलात, ठेवतात. लुआएल_रेफ म्हटलं की रजिस्ट्री फंक्शन ठेवून घेते आणि एक नंबर देते. तो नंबर सी++ नं जपायचा, काम संपलं की लुआएल_अनरेफ करून परत द्यायचा. नंबर परत दिला नाही तर रजिस्ट्री ते फंक्शन जन्मभर सांभाळते. इथं जुनी रेसिपी काढून नवी चढवताना जुने नंबर परत दिले जात नव्हते.

एका नंबरानं काय बिघडतं असं वाटेल. पण फंक्शन एकटं येत नाही. त्याच्या भोवतीची जी व्हेरिएबल्स ते वापरतं ती सगळी त्याला चिकटून येतात. आमच्या रेसिपीत तिथं रीडिंगचं टेबल, म्हणजे लुआमधली यादी, होतं. सेकंदाला 100 रीडिंग, टेस्ट 10 मिनिटांची, म्हणजे 60,000 रीडिंग. लुआचं टेबल भरत गेलं की दुप्पट-दुप्पट होत वाढतं, तेव्हा त्याच्या जागा 65,536. एका जागेला 16 बाइट, म्हणजे बरोबर 1 एमबी. परत न दिलेला एक नंबर दर टेस्टला 1 एमबी धरून ठेवत होता. टेस्ट केव्हाच संपलेली, सिलिंडर रंगवून, पेटीत भरून गाडीत चढलेला, आणि त्याचं एकेक रीडिंग अजून पीसीच्या पोटात.

मग जिथं जिथं नंबर घेतला तिथं तिथं परत द्यायची ओळ घातली की झालं, असं वाटतं. प्रेशर लाइनचं ऑब्जेक्ट मोडताना, त्याच्या डिस्ट्रक्टरमध्ये, अनरेफ. कागदावर बिनचूक. चालवून पाहिलं तर डिस्ट्रक्टर चालतच नाही.

कारण असं. प्रेशर लाइनचं सी++ ऑब्जेक्ट लुआच्या एका युजरडेटामागं आहे; युजरडेटा म्हणजे सी++ ची वस्तू लुआच्या हाती देणारं वेष्टन. लुआनं तो युजरडेटा कचऱ्यात काढला की त्याच्या जीसी मेथडमधून, म्हणजे कचऱ्यात काढताना चालणाऱ्या फंक्शनमधून, डिस्ट्रक्टर चालणार. सी++ ऑब्जेक्टनं नंबरामार्फत फंक्शन धरलंय. आणि त्या फंक्शनच्या आत सुपरवायझरनं साहजिकपणे लिहिलंय की ‘या लाइनचं प्रेशर सोड’, म्हणजे फंक्शननं युजरडेटा धरलाय. ऑब्जेक्टमुळं फंक्शन जिवंत, फंक्शनमुळं ऑब्जेक्ट जिवंत. असं चक्र निव्वळ लुआच्या आत असतं तर लुआनं ते ओळखून दोघांनाही काढलं असतं, त्यात ती चोख आहे. पण या चक्राचा एक पाय सी++ मध्ये आहे. लुआला रजिस्ट्रीतला नंबर तेवढा दिसतो. तो नंबर कुणी जपलाय, त्या जपणाऱ्याचं भवितव्य पुन्हा लुआच्याच हातात आहे, हे तिला कळायला मार्ग नाही. सी++ ला उलट बाजू दिसत नाही. आपापल्या हद्दीत दोघांचंही वागणं बरोबर, आणि मधली वस्तू कुणीच सोडत नाही.

रेसिपी लिहिणाऱ्याचा यात काडीचाही दोष नाही, हे मी आमच्या बैठकीत आवर्जून सांगितलं. ‘फंक्शनमध्ये लाइनचं नाव वापरू नका’ असा नियम काढायची सूचना आली होती. तो नियम चुकीचा आहे. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला मेमरीचा विचार करावा लागू नये म्हणून तर स्क्रिप्ट दिलेली असते. आपली गाठ आपणच सोडवायची.

गाठ सुटली ती चक्र सगळंच्या सगळं लुआच्या आत आणून. लुआ 5.4 मध्ये युजरडेटाला आपल्याजवळ लुआच्या वस्तू ठेवायला जागा मागता येतात. फंक्शन रजिस्ट्रीत न ठेवता त्याच युजरडेटाच्या अशा एका जागेत ठेवलं. आता ऑब्जेक्ट ते फंक्शन आणि फंक्शन ते ऑब्जेक्ट ही दोन्ही टोकं लुआला दिसतात. सी++ ला आपल्या पत्त्यावरून युजरडेटा शोधता यावा म्हणून एक कमजोर टेबल ठेवलं, जे आतल्या वस्तूंना जिवंत ठेवत नाही, फक्त त्या कुठं आहेत ते सांगतं. आणि चालू रेसिपीसाठी एकच टेबल: त्या रेसिपीच्या काळात जे जे धरून ठेवायचं ते सगळं त्यात. रेसिपी संपली की ते टेबल सोडायचं. शंभर ठिकाणी शंभर नंबर परत देण्यापेक्षा एका ठिकाणी एक टेबल सोडणं. यानंतर लुआचा काटा आडवा झाला.

प्रत्येक रेसिपीला नवा इंटरप्रिटर उघडायचा आणि ती संपली की बंद करून टाकायचा, असाही मार्ग आहे, आणि लुआच्या बाबतीत मी त्याला नावं ठेवणार नाही. लुआची नवी स्टेट, म्हणजे इंटरप्रिटरची स्वतंत्र प्रत, उघडणं स्वस्त असतं आणि लुआ_क्लोज खरोखर सगळं परत देतं. कॅलिब्रेशनचा डेटा सगळ्या रेसिप्यांना सामाईक असल्यामुळं आम्हाला ते सोयीचं नव्हतं, एवढंच. बंद केलेल्या स्टेटचा पत्ता सी++ मध्ये कुठं उरला तर मात्र गळतीच्या जागी सरळ क्रॅश होतो, तेव्हा तिथंही हिशेब सुटत नाही.

आता देवनागरीचं. व्हॅलग्राइंडनं जी एक किरकोळ तक्रार केली होती, ती खरीखुरी सांडलेली मेमरी होती. दर वेळी काही बाइट, तेही कधी सांडायचे, कधी नाही. रिपोर्टवर छापायचा मथळा सेट करणारं एक सी++ फंक्शन होतं: त्याला पहिल्यांदा द्यायचं गिऱ्हाइकाच्या गावाचं नाव, मग प्रेशरचा आकडा. नाव एका सी++ स्ट्रिंगमध्ये घेतलं जायचं, मग आकडा तपासला जायचा. कुणी 250 ऐवजी ‘250 बार’ असं लिहिलं की लुआ ‘इथं आकडा हवा’ म्हणून एरर देते. सी म्हणून कंपाइल केलेली लुआ एररच्या वेळी लाँगजंप मारते: मधली फंक्शनं ओलांडून थेट पीकॉलपाशी उडी. लिनक्सवर जीसीसी या कंपायलरनं बांधलेल्या प्रोग्राममध्ये त्या उडीत मधले डिस्ट्रक्टर चालत नाहीत. स्ट्रिंगनं घेतलेली मेमरी तिथंच सांडते.

मग कधी सांडते आणि कधी नाही, असं का? जीसीसीच्या लायब्ररीतली स्ट्रिंग 15 बाइटांपर्यंतचा मजकूर स्वतःच्या पोटातच ठेवते, वेगळी मेमरी मागत नाही. रोमन लिपीत बेळगाव लिहा, निपाणी लिहा, सहा-सात बाइटांत बसतं. यूटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक वर्ण आणि प्रत्येक मात्रा 3 बाइट घेते. ‘अथणी’ 12 बाइट, बसलं. ‘गोकाक’ बरोबर 15, तेही बसलं. ‘निपाणी’ 18, ‘चिकोडी’ 18, ‘खानापूर’ 21. म्हणजे गावाचं नाव देवनागरीत, ते गोकाकपेक्षा लांब, आणि त्याच ओळीत आकड्याची चूक, असं तिन्ही जुळलं की गळती. इंग्रजी नावांनी टेस्ट करणाऱ्याला ती जन्मात सापडली नसती. त्या दिवसापासून आमच्या टेस्टच्या डेटात आपल्या भागातल्या गावांची नावं देवनागरीत आणि कन्नडमध्ये असतात. कन्नड अक्षरही 3 बाइटांचंच. आपल्या भाषेत चालणारी मशीन आपल्या भाषेतच तपासली पाहिजे, याचा इतका रोखठोक पुरावा मला दुसरा मिळालेला नाही.

यावर उपाय म्हणून आम्ही लुआ सी++ म्हणून कंपाइल केली. मग ती लाँगजंपऐवजी एक्सेप्शन, म्हणजे सी++ ची एरर कळवायची रीत, वापरते आणि डिस्ट्रक्टर रीतसर चालतात. आपल्या कोडमध्ये कुठं सरसकट सगळी एक्सेप्शन पकडलेली असतील तर तेवढं तपासून घ्यावं लागतं, नाहीतर लुआची एरर मध्येच गिळली जाते. ते जमत नसेल त्यानं फंक्शनला दिलेलं सगळं आधी तपासावं, सी++ ची ऑब्जेक्ट मग बनवावीत.

रिपोर्टवर छापायच्या आलेखाच्या चित्रातही मेमरी अडकायची, पण ते प्रकरण छोटं होतं. युजरडेटामागं चित्रासाठी काही एमबींचा बफर, पण लुआच्या हिशेबात तो युजरडेटा म्हणजे एक पॉइंटर, नुसता पत्ता, मोजके बाइट. वापरातली मेमरी दुप्पट झाल्याशिवाय लुआ सहसा पुढची फेरी सुरू करत नाही, आणि इतक्या हलक्या वस्तूंनी दुप्पट व्हायला वेळ लागतो. तोवर मागचे बफर ताटकळत. चित्र छापून झालं की ते तिथंच सोडून देणारं फंक्शन दिलं, लुआ 5.4 च्या ‘क्लोज’ व्हेरिएबलशी, जे आपला भाग संपताच आपोआप बंद होतं, जोडलं, संपलं.

हे चालू असतानाच दुसऱ्या एका बेंचसाठी लुआऐवजी पायथन या भाषेची मागणी आली. कारण समजण्यासारखं आहे. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय 1998 पासून बेळगावातच आहे, भोवती इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, आणि तिथून येणारी मुलं पायथन शिकून येतात. पण लुआवर हात बसलेल्या माणसाला पायथन पोटात बसवताना सवयी बदलाव्या लागतात. तिथं मध्ये स्टॅक नाही. वस्तूचा पॉइंटर थेट सी च्या हातात येतो, आणि प्रत्येक वस्तूवर तिला किती जणांनी धरलंय याचा आकडा असतो. आकडा शून्यावर आला की वस्तू गेली. अशी मोजणी आणि लुआसारखं कचरा गोळा करणं, या दोन्ही कल्पना जुन्या आहेत: धरणाऱ्यांची मोजणी जॉर्ज कॉलिन्सनं 1960 साली मांडली, आणि जॉन मॅकार्थीचा लिस्पवरचा, कचरा गोळा करण्याची पद्धत सांगणारा निबंधही त्याच सालचा. सी-पायथन, म्हणजे सी मध्ये लिहिलेला नेहमीचा पायथन, दोन्ही वापरतं, मोजणी मुख्य आणि चक्रांसाठी वेगळा गोळा करणारा.

मोजणीत धोका असा की तुमच्या हातात आलेल्या पॉइंटरवर तुमचा हक्क आहे की नाही हे पॉइंटरकडं पाहून कळत नाही. लिस्टमधून पायलिस्ट_गेटआयटम नं घेतलेली वस्तू उसनी. तिचा आकडा तुम्ही कमी केलात तर दुसऱ्याची वस्तू मोडते. पायसीक्वेन्स_गेटआयटम नं घेतलेली तीच वस्तू तुमची. आकडा कमी केला नाही तर गळती. पायलिस्ट_सेटआयटम ला दिलेली वस्तू ते आपल्या मालकीची करून घेतं, पायडिक्ट_सेटआयटम तसं करत नाही. यात तर्कानं ओळखता येईल असं काही नाही, दर वेळी डॉक्युमेंटेशन उघडावं. आम्ही कच्चा पॉइंटर फिरवणंच बंद केलं. पायथनची वस्तू सी++ मध्ये आली की तिथल्या तिथं एका छोट्या क्लासमध्ये गुंडाळायची, उसनी की आपली ते त्या ओळीतच लिहायचं, आणि पुढं कुणी हातानं मोजणी करायची नाही.

आणि पायथनला बंद करून पुन्हा उघडणं हा इलाज लुआसारखा चालत नाही. पाय_फायनलाइझ सगळी मेमरी परत देईलच असं त्याचं डॉक्युमेंटेशन म्हणत नाही. उलट काही मेमरी राहू शकते, काही एक्स्टेंशन मॉड्यूल दुसऱ्यांदा सुरू होताना नीट चालणार नाहीत, असंच त्यात स्पष्ट लिहिलंय. एकदा सुरू केलेला पायथन प्रोसेस संपेपर्यंत चालू ठेवावा. एररच्या वेळी पायएरर_प्रिंट वापरलं की शेवटची एरर सिस मॉड्यूलमध्ये जपली जाते, आणि तिच्यासोबत त्या वेळच्या फंक्शनांची सगळी लोकल व्हेरिएबल्स. पुढची एरर येईपर्यंत ती तिथंच. रीडिंगचं मोठं टेबल त्यात सापडलं तर गळती नसताना गळतीचा भास होतो. शिवाय छोट्या वस्तूंसाठी पायथन मेमरीचे मोठे गाळे घेतं, 3.10 आवृत्तीपासून 1 एमबीचे, आणि गाळ्यात एक वस्तू जरी जिवंत असली तरी तो गाळा सिस्टिमला परत जात नाही. म्हणून तिथं फक्त प्रोसेसचा आकडा बघून निष्कर्ष काढू नये, पायथनमध्येच 3.4 पासून असलेलं ट्रेसमॅलॉक हे हत्यार चालू करून कुठल्या ओळीनं किती घेतलं ते बघावं.

लुआच्या बेंचवर आता एक सोय कायमची आहे. प्रत्येक रेसिपी संपल्यावर दोन्ही काटे, लुआचा आणि प्रोसेसचा, रीडिंगच्याच फाइलमध्ये एका ओळीत लिहिले जातात. सुपरवायझर ती फाइल उघडतोच, त्यामुळे आकडा चढला तर आमच्या आधी त्याला दिसतो. मामांना मी ती ओळ दाखवली. त्यांनी चष्मा वर करून पाहिली आणि विचारलं, “हे आमच्या सिलिंडरच्या काट्याच्या शेजारीच का नाही लावत पडद्यावर?” त्यांचं म्हणणं बरोबर आहे. पुढच्या आवृत्तीत तो आकडा पडद्यावर येईल. पायथनच्या बेंचवर आधी गुंडाळणाऱ्या क्लासचं काम पुरं करायचंय, आणि त्याच्या टेस्टमध्ये निपाणी, चिकोडी, हुक्केरी ही नावं पहिल्या दिवसापासून असतील.